ओला बरानकोट

नीलकंठ : आधी तो कोट दोरीवरून उतरव. आत्ताच्या आत्ता.

अहिल्या : उतरत नाहीये, बाबा. पाण्याने इतका जड झालाय की टांगताना माझेच खांदे दुखून आले. आणि उतरवून ठेवू कुठे? घरभर चिमी रांगतेय.

नीलकंठ : सूनबाई, पासष्ट सालापासून त्या कोटाला पाणी लागलेलं नव्हतं.

अहिल्या : तेच तर मला दिसलं!

नीलकंठ : काय दिसलं?

अहिल्या : काल तुम्ही आजच्या खंडेनवमीसाठी ट्रंका उघडून ठेवल्यात आणि झेंडू आणायला लक्ष्मी गेटला गेलात. मी कुकर बंद करून येते तो पोरगी ट्रंकेत. ह्याच कोटावर झोपलेली, बाही तोंडात. संध्याकाळी हनुवटीखाली लाल पुरळ. मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

नीलकंठ : मला उठवायचं होतंस.

अहिल्या : तुम्ही म्हणाला असतात, पलटणीतली माणसं असल्याच कोटांत झोपायची, त्यांना कुठे काय झालं.

नीलकंठ : ...म्हणालो असतो. खरं आहे.

अहिल्या : म्हणून सकाळी तुम्ही देवळात गेल्यावर रिठे उकळले. कोमट पाणी घेतलं. साबण लावला नाही, लोकरीला तो चालत नाही हे कळतं मला. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय मी.

नीलकंठ : तुझ्या केमिस्ट्रीत घामाला काय म्हणतात गं?

अहिल्या : पाणी, मीठ, थोडा युरिया...

नीलकंठ : मी त्याला माणूस म्हणतो. पलटणीतलं हे सगळं जुनं सामान जमवताना मी काय कापड जमवलं? ती पाण्याची बाटली बघ, तिच्या बनातीच्या गवसणीला जळल्याचं भोक आहे. मी कधी शिवलं नाही. तो कंगवा. दोन दात उरलेत आणि त्यात केस आहे कोणाचा तरी. रेल्वेची ड्यूटी संपली की मी सदर बाजारातल्या कबाड्याकडे जायचो. तिथे वर्दीची बटणं पितळ म्हणून किलोवर जायची. ज्याने ती आरशात बघून लावली असतील, त्याचं काही नाही. मी ब्रश फिरवतो, कडुनिंबाचा पाला घालतो, बस्स. धुतलं की संपलं.

अहिल्या : चिमे! काय आहे तोंडात? दाखव. आ कर. आ... झेंडूची पाकळी. थूक. बाबा, ती पितळी बटणं वर ठेवा ना, हात जोडते. हिरवी पडलीत ती.

नीलकंठ : पूजेतलं मधेच उचलत नाहीत.

अहिल्या : मग मी हिलाच उचलते. आणि मला एक सांगा, ह्या एका कोटासाठी एवढं का? अगदी तसाच दुसरा आहे की तुमच्याकडे.

नीलकंठ : दुसरा कबाड्याकडून आणलाय. कोणाचा, ते त्यालाही माहीत नव्हतं. हा दत्तात्रेयाचा आहे. प्रेम नगरच्या राधाबाई आहेत ना, त्यांचा धाकटा भाऊ. पासष्टच्या लढाईला भादव्यात गेला. उकाड्यात लोकरीचा कोट कशाला, म्हणून घडी करून पेटीत ठेवला. परत आली ती पेटी.

अहिल्या : आणि कोट तुमच्याकडे कसा?

नीलकंठ : राधाबाईंच्या मुलाने नवं घर बांधलं, तेव्हा त्या स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, भैया, नव्या घरात जुनं कोणी ठेवू देत नाही, एक दिवस भांड्यांवर देऊन टाकतील. तुम्ही सांभाळा. मी शब्द दिला, जसा आहे तसा ठेवीन. तेव्हापासून दर खंडेनवमीला येतात. पूजा झाली की कोट मांडीवर घेतात आणि कॉलरला नाक लावून बसतात. मग चहा पितात आणि जातात.

अहिल्या : नाक लावून...

नीलकंठ : भावाचा वास येतो म्हणतात.

अहिल्या : बाबा, मला कोणीच नाही सांगितलं हे.

नीलकंठ : मागल्या खंडेनवमीला तू माहेरी होतीस, ग्वाल्हेरला. चिमी पाळण्यात होती.

अहिल्या : कधी येतात त्या?

नीलकंठ : पूजा आटोपली की. म्हणजे आता कधीही.

अहिल्या : अरे देवा. अरे देवा, मी काय करून बसले! कॉलरच तर सगळ्यात जास्त चोळली मी. काळी झाली होती, म्हणून ब्रशने...

नीलकंठ : पुरे. ऐकवत नाही मला. हे बघ, तो दुसरा कोट काढ. त्याच सालातला आहे, बटणंही तीच. त्यांना मोतीबिंदू झालाय.

अहिल्या : मोतीबिंदू डोळ्यांना झालाय, नाकाला नाही.

नीलकंठ : कडुनिंबाचा वास दोन्हींना सारखाच आहे.

अहिल्या : मी खोटं नाही बोलणार त्यांच्याशी.

नीलकंठ : तुला बोलायला कोण सांगतंय? तू चहा टाक. आणि डोळे पूस.

राधाबाई : भैया! अहो नीलकंठ भैया! दरवर्षी जिन्याला एक पायरी वाढवता की काय?

नीलकंठ : या, या राधाबाई. हात द्या. सांभाळून.

राधाबाई : हात कसला देता, तुम्हीच धापा टाकताय. ही कोण, बहू? ये गं, उजेडात ये. अच्छा. तब्येत बरी नाही का? डोळे लाल दिसताहेत.

अहिल्या : कांदा चिरत होते, आजी.

राधाबाई : नवमीला कांदा? ग्वाल्हेरला चालतो वाटतं. आणि ही बिन्नू, तुझी पोरगी? ये गं बिन्नू. हनुवटीला काय झालं हिच्या?

अहिल्या : पुरळ आलंय. कालपासून लक्ष ठेवून आहे. आता थोडं उतरलंय.

राधाबाई : उतरेल. किती गेंद्याची फुलं वाहिलीत भैया! छान दिसतंय. माणसं आत्ता उठून कवायतीला गेल्यासारखं. द्या, आमचा कोट द्या.

नीलकंठ : हा घ्या.

राधाबाई : हं.

नीलकंठ : चहा आणतेच आहे ती.

राधाबाई : हं. भारी आहे. जपलेला आहे. कोणाचा आहे हो हा?

नीलकंठ : ...कोणाचा म्हणजे?

राधाबाई : दत्तूच्या कॉलरला मी रफू केलेलं होतं. लग्न ठरलं होतं माझं, सासरी नावं ठेवायला नकोत म्हणून शिकत होते. अगदी तिरकं आलं. दत्तू म्हणायचा, जिज्जी, ही रफू आहे की रेल्वेची लाइन? ह्याच्या कॉलरला काहीच नाही.

नीलकंठ : राधाबाई, त्याचं असं झालं...

राधाबाई : आणि दत्तूचा तर बाहेर टपकतोय. रिक्षातून उतरले तर डोक्यावर थेंब पडला. वर बघितलं. मला सगळं धुकं दिसतं, भैया, पण दोन बाह्या दिसल्या.

अहिल्या : मी धुतला, आजी. बाबांचा काही दोष नाही. चिमीने बाही तोंडात घातली होती आणि मी घाबरले. तुम्ही येता, वास घेता, हे मला आज कळलं. धुतल्यावर कळलं.

राधाबाई : मला तिथं घेऊन चल.

अहिल्या : सज्जात ओलं आहे, पाय घसरेल.

राधाबाई : तर धर मला.

(सज्जात. राधाबाई ओली कॉलर चाचपून नाकाशी नेतात. बाहीतून पाणी खालच्या बादलीत पडत राहतं.)

राधाबाई : रिठा.

अहिल्या : हो.

राधाबाई : वास गेला.

अहिल्या : हो, आजी.

राधाबाई : रडू नकोस. पोरगी घाबरेल, कडेवर आहे तुझ्या. अगं, तो केव्हाच गेला होता. मागची तीन-चार वर्षं मी भैयांचा कडुनिंब हुंगून घरी जात होते.

नीलकंठ : राधाबाई! मग बोलला का नाहीत?

राधाबाई : तुम्ही समोर श्वास रोखून बसायचात. काय बोलू? एवढं जपलंत तुम्ही. आणि वाटायचं, पुढच्या वर्षी येईल पुन्हा. मी येत गेले.

नीलकंठ : मी पाला कमी घालायला हवा होता.

राधाबाई : अहो, पाल्याने काय होणार होतं! बहू, तुला कोणी सांगितलं रिठ्यात धुवायला?

अहिल्या : कोणी नाही. लोकरीला सौम्य असतो, म्हणून.

राधाबाई : आई रिठाच वापरायची. दत्तू सुटीवर आला की त्याला दारातच उभा करायची. पाया नंतर पड, आधी तो कोट काढ. कुठल्या कुठल्या बराकीत लोळून आलायस, काय काय चिकटून आलं असेल त्याला. तुझ्यासारखीच होती ती, तिला सगळीकडे आजार दिसायचे. अंगणात घंगाळ, त्यात हा फेस. आणि दत्तू नुसत्या बनियनवर कुडकुडत उभा. म्हणायचा, आई, जायच्या दिवसापर्यंत वाळला नाही तर मी जाऊ कसा? आई म्हणायची, म्हणून तर धुतलाय.

अहिल्या : म्हणून तर...

राधाबाई : ओला कोट दोरीवर दिसला की सगळ्या गल्लीला कळायचं. शेजारच्या केशवरावांकडून चिवडा यायचा, पोरं गोळा व्हायची, दत्तूभैया, बंदूक कशी असते, सांगा. मग पेटी आली. आईने कोट बघितला आणि पुन्हा घडी घातली. धुतला नाही. म्हणाली, तो आला की धुवीन. तिच्यामागे माझीही हिंमत झाली नाही कधी.

नीलकंठ : आणि मी जसाच्या तसा सांभाळत बसलो.

राधाबाई : मीच सांगितलं होतं ना तसं. बहू, बिन्नूला इकडे दे जरा. बघ, ती बाहीच पकडायला बघतेय. पकडू दे, आता स्वच्छ आहे.

अहिल्या : ...घ्या. घट्ट धरा हं तिला. एकदम झेपावते ती.

राधाबाई : धरली. हे बघ बिन्नू, इथं. बोट लाव. तिरकी रफू. रेल्वेची लाइन.

नीलकंठ : थांबा, मी यज्ञेश्वरला हाक मारतो शेजारून. दोघं मिळून कोट आत नेऊ, पंख्याखाली पसरू. इथून जाणारे-येणारे बघताहेत.

राधाबाई : नको भैया. राहू द्या इथंच. गल्लीला दिसू दे.

अहिल्या : पण आजी, इतकी जाड लोकर आहे. हा आज काही वाळायचा नाही. उद्याही कदाचित नाही.

राधाबाई : बरं आहे की. मी उद्याही येते. सुटीवर आलेला माणूस असा लगेच थोडाच जातो?