आवाज राहू द्या

—नाय ताई, खोटं कशाला बोलू, तुम्ही स्वतःच बघा, या, इथं वाका जरा — ओढणी सांभाळा, ग्रीस लागंल — हे चाकामागं काळं रबर दिसतंय ना, घड्या-घड्यांचं, त्याला आम्ही बूट म्हणतो. एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा बूट. आतमधी जॉइंट असतो, ग्रीसमधी बुडालेला, त्याला धूळ लागू नये म्हणून हे रबर वरून चढवलेलं. आता हे उन्हानं वाळलंय, चिरलंय, ग्रीस सगळं बाहेर फेकलं गेलंय — चाकाला आतून माखलंय ना, तेच — आन् त्याच्या जागी आत गेली धूळ. आपल्या गारखेड्याच्या धुळीबद्दल मी काय सांगू, खोदलेला रस्ता बुजवला की हे लोक पुन्हा खोदतात. ती धूळ जॉइंट खाते. मग सरळ जाताना काही नाय, वळलं की टक-टक-टक-टक. बरोबर? तर मी काय करतो, जॉइंट धुऊन काढतो, नवं ग्रीस भरतो, नवा बूट चढवतो, क्लिपा आवळतो. झालं काम. आवाजाचं म्हणाल तर — आवाज राहील. झिजलेलं काही ग्रीसनं भरून येत नाय. पण राहू द्या तो. काय बिघडतं?

जॉइंटसकट पूर्ण एक्सल कशाला बदलता? नाय, तुम्ही म्हणता ते ऐकलं मी, आवाज एकदम बंद करायचाय, ऐकलं. पण थांबा, आधी माझं ऐका. ह्या भागात बद्रीनाथ मिस्त्रीला कुणीही विचारा, मी गिऱ्हाईकाला उगाच खर्चात घालत नाय — नाय, खर्चाचं नाय म्हणता? मग कशाचं हाय? आवाजानं काय गाडी थांबत नाय. जुनी गाडी हाय, जुन्या गाडीला आवाज असायचाच, माझ्या गुडघ्याला नाय का. बसा त्या स्टुलावर. बसा ओ. चहा सांगू? बरं, राहिलं. एक गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

तुमच्या गल्लीत एक घर हाय, हिरवं गेट, आत पेरूचं झाड. तिथं साळूबाई म्हणून एक बाई राहते. तिला एकच पोरगा होता, सुदर्शन. वाळूजला कंपनीत कामाला. ही गाडी त्याची. — व्हय, हीच, तुमचीच, दचकू नका. नंबर तोच, ह्या दरवाजाचा पोचा पण त्याचाच, मागं घेताना पेरूच्या झाडाला घासली होती. नाय नाय, गाडीत काही झालं नाय! गाडी निर्मळ हाय, बिनधास्त लेकरं बसवा. तो तापानं गेला. डेंग्यू निघाला. धडधाकट पोरगा, डबा घेऊन निघायचा तो पलंगावरून उठला नाय, आन् गाडी आपली दारात उभी. तर हा आवाज त्याच्याच वेळचा. जॉइंट तेव्हाच बोलायला लागला होता. लोक हसायचे त्याला, अरे गॅरेजवाल्याच्या घरची गाडी आन् — म्हणजे, गॅरेज इतकं जवळ असून, असं म्हणायचे. तो म्हणायचा, राहू द्या, आईला कळतं मी आलो म्हणून, हॉर्न मारावा लागत नाय. आन् खरंच होतं ते. कोपऱ्यावर टक-टक झालं की साळूबाई तव्यावर भाकरी टाकायची आन् तसेच पिठाचे हात घेऊन गेट उघडायला यायची. गेटाच्या कडीला कायम पीठ लागलेलं असायचं. पोरगं ओरडायचं त्याच्यावरून, आई, सगळे मुंगळे गेटाला. ती हसायची.

तो गेल्यावर तिनं सगळं रीतीनं केलं. दहावा केला, तेरावा केला, आलेल्या-गेलेल्याला चहापाणी केलं. वेडी नाय ती ताई, ते डोक्यातून काढून टाका, तिला सगळं कळतं, तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं. पण संध्याकाळचा गॅस पेटवायची बंद झाली. सकाळचं काय असंल ते झाकून ठेवायची, नवऱ्याला वाढायची, स्वतः ताटाला हात लावायची नाय. दिवेलागणीला घरात लाईट नाय. अंधारात भिंतीला टेकून बसायची. नवरा बोलला तर हूं म्हणायची, नाय बोलला तर ते पण नाय. मग नवराही उशिरा घरी जायला लागला. कोण जाईल तसल्या घरी? भ्या वाटायचं त्याला. आपल्याच घराचं भ्या. काम संपलं तरी शटर अर्धं ओढून इथंच बसून राह्यचा, ह्याच स्टुलावर, तुम्ही बसलात त्याच —

बघता काय ताई. व्हय. माझंच घर ते. साळूबाई म्हणजे आमच्या घरची. तिचं नाव मी कधी असं चारचौघात घेत नाय, आमच्यात घेत नायत, पण परक्या बाईचं म्हणून सांगितलं की सांगता येतं. नायतर नाय सांगता येत. असू द्या. आता निघालंच तोंडातून.

गाडी मीच विकली. दारात उभी बघवेना. सकाळी उठलं की आधी तीच दिसायची, काचेवर धूळ, धुळीवर मांजराची पावलं. पाचोडच्या एका ओळखीच्याला दिली, म्हटलं, लांब जाईल, नजरेआड होईल. त्यानं कुणाला दिली, त्यानं पुढं कुणाला, आन् फिरून फिरून तुम्ही घेतली, आन् घर भाड्यानं घेतलं ते आमच्याच गल्लीत. एवढं मोठं शहर, ताई. तुम्ही पहिल्यांदा गल्लीत गाडी आणली त्या दिवशी माझ्या अंगात कणकण होती म्हणून मी लवकर घरी गेलो होतो. अंधारच होता. ती तिच्या भिंतीला, मी माझ्या. आन् कोपऱ्यावर टक-टक-टक-टक. मला वाटलं तापात ऐकू येतंय. तिच्याकडं बघितलं तर ती उठलेली. गेटाकडं गेली नाय, खिडकीतून डोकावली नाय. लाईट लावली, गॅस पेटवला, परातीत पीठ घेतलं आन् थापायला बसली. किती महिन्यांनी गरम भाकरी खाल्ली मी त्या दिवशी. तिनं पण खाल्ली. अर्धी खाल्ली, पण खाल्ली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर ही तुमच्या दारात उभी.

तेव्हापासून रोजचं झालं. तुम्ही ऑफिसातून येताना लेकरांना पाळणाघरातून घेता, दिवेलागणीला कोपऱ्यावर वळता, इकडं घरात लाईट लागते. मला इथपर्यंत ऐकू येतं. हातात काय असंल ते खाली ठेवतो, पावडरीनं हात धुतो, शटर ओढतो, घरी जातो. गिऱ्हाईक उभं असलं तरी उद्या या म्हणतो. तुम्हाला काय माहीत, तुमची गाडी वळली की आमच्याकडं ताटं मांडतात. रविवारी तुम्ही निघत नाय, रविवार लई लांबतो. मागं तुम्ही माहेरी गेला होतात ना, आठवडाभर गाडी नव्हती — लई वंगाळ आठवडा गेला. मी रोज कोपऱ्यावर जाऊन उभा राह्यचो. कामून उभा राह्यचो ते विचारू नका.

हसू नका, पण परवाची गोष्ट. परवा संध्याकाळी गल्लीतली लाईट गेली होती बघा, तुम्ही येत होतात तेव्हा. ती आत गॅसपाशी, मेणबत्ती लावून. मी ओट्यावर. गाडी वळली, टक-टक झालं, तुमचा उजेड समोरच्या भिंतीवरून सरकत आमच्या गेटावर आला — आन् मी उठलो. मोठ्यानं म्हणालो, "सुदर्शन आला, गेट उघड." मी म्हणालो, ताई. ती नाय, मी. ती बाहेर आली, पिठाचे हात, दारातच उभी राहिली. तोवर कडी मीच काढली होती. गेट सताड उघडून बाजूला झालो होतो, गाडीला आत यायला जागा करून. गाडी तुमच्या घराकडं निघून गेली. लाल दिवे दिसले, मग ते पण नाय. मी तसाच उभा. ती रडली नाय, काय झालं म्हणून विचारलं नाय. खाली आली, गेट लावलं, माझ्या दंडाला धरून मला आत नेलं, वाढलं, मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. माझ्याकडंच बघत होती.

म्हणून मला तिची काळजी लागलीय. आवाज गेला तर ती पुन्हा अंधारात बसंल. पुन्हा तसली बसली तर ह्या खेपेला उठायची नाय, हे मी तुम्हाला लिहून देतो. म्हणून म्हणतो, बूट बदलतो, ग्रीस भरतो, आवाज तेवढा राहू द्या. — धोका? हाय. नाय कसं म्हणू. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मीच म्हणालो असतो, पूर्ण एक्सल बदला. जॉइंट एक दिवस तुटतो, भर रस्त्यात, ॲक्सिलेटर दाबा नायतर काही करा, गाडी हलत नाय, आन् वेगात असताना तुटला तर — पण लगेच नाय तुटत. मी दर आठवड्याला येऊन बघत जाईन. स्वतः येईन, तुमच्या दारात, फुकट. आन् ते लेकरांना अजिंठ्याला न्यायचं म्हणत होतात, ते गाडीनं नका नेऊ, एसटी चांगली हाय. मी सोडतो स्टँडवर. ऐका माझं, ताई. मी कुणाच्या पाया पडत नाय, पण —

काय?

कोण म्हणालं? — नाय, मघाशी तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं नाय, पुन्हा सांगा. आवाज बंद करून घ्या असं कोण म्हणालं?

हिरव्या गेटातल्या मावशी, म्हणता.

काल? काल ती रस्त्यावर आली? आमची? ती गेटाबाहेर पाय टाकत नाय ताई, भाजीवाला आला तर आतूनच पिशवी देते. तुमच्या गाडीला हात केला? मधी उभी राहिली? … काय म्हणाली? नाय, असं थोडक्यात नको, तिचेच शब्द सांगा. — "लेकरं बसतात ह्यात." बरं. "हा आवाज चांगला नाय. जवळच आमचं गॅरेज हाय, उद्याच न्या, पूर्ण बदलून घ्या, आवाज राहू देऊ नका." बरं. अजून? अजून काही म्हणाली असंल. चाचरू नका, सांगा की.

"ते नको म्हणतील. त्यांचं ऐकू नका."

असं म्हणाली.

म्हणजे तुम्हाला इथं आल्यापासून माहीत होतं, मी कोण, ती कोण. मघापासून सांगायला बघत होतात, मीच बोलू दिलं नाय. आन् मी आपला साळूबाई नावाची एक बाई, साळूबाई नावाची एक बाई — … मला वाटत होतं मी तिच्यासाठी हा आवाज धरून ठेवलाय. खरंच वाटत होतं, ताई. पहिल्या दिवसाचं माहीत नाय, पण पुढं रोज ती माझ्यासाठी गॅस पेटवत होती तर. आवाज झाला की हा माणूस घरी येतो, एवढं तिनं ओळखलं होतं, आन् म्हणून उठत होती. परवा गेटापाशी मला तसं बघितल्यावर मग —

द्या चावी. नाय, पाणी नको मला. पूर्ण एक्सल काढतो, नवा टाकतो, दुसऱ्या बाजूचा बूट पण बघून घेतो. उद्या संध्याकाळी न्या. आधी मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल-गोल फिरवून बघतो, दोन्ही बाजूंनी. आवाज येणार नाय. अजिंठ्याला जा, कुठं पण जा. आज रिक्षा करा. निघा आता, लेकरं वाट बघत असतील, मला पण काम करू द्या.

आन् ताई — ती भेटली, तिनं विचारलं, तर सांगा, नको म्हणाले नाहीत. म्हणावं, लगेच हो म्हणाले. एवढं एक खोटं बोला माझ्यासाठी. जा.