मॅकिंटायर म्हणजे काय?

सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका छपाईच्या दुकानात मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन बापलेक उभे होते. त्यांचं मराठी कानावर आलं.

"जाई, जावईबापूंचं हे मॅकिंटायर आडनाव म्हणजे नक्की काय गं? गावाकडचे विचारतील."

"मॅक म्हणजे मुलगा, बाबा. त्यांच्या जुन्या स्कॉटिश भाषेत सुताराचा मुलगा."

"सुताराचा? कोणी सांगितलं?"

"कॅलमच्या आजीनं. त्यांच्या मूळपुरुषाच्या होडीला भर समुद्रात भोक पडलं म्हणे. त्यानं अंगठा घालून पाणी थोपवलं. पण मग सुकाणू कोण धरणार? म्हणून अंगठाच तोडून भोकात ठेवला आणि होडी किनाऱ्याला आणली."

"अंगठ्यानं गळती थांबते होय? तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली मी."

"गोष्ट आहे हो ती!"

"आणि हे नाव त्यांनी कधी बदललं नाही?"

"कशाला बदलतील? आजी तर अभिमानानं सांगते."

"आपलं आडनाव सुतार होतं, जाई."

"काय? मग वडवलकर?"

"बोटीवर लागण्याआधी मी बदललं. गॅझेटचा कागद तुझ्या आजोबांना वाचून दाखवला. ते 'बरं' म्हणाले आणि रंधा मारत राहिले."

"रागावले नाहीत?"

"रागावले असते तर बरं झालं असतं."

काउंटरवरच्या बाईनं त्यांना पुढं बोलावलं.

"बाबा, मजकूर देऊ ना?"

"थांब, पेन घे. तुझ्या नावाखाली लिही, कैलासवासी भिकाजी सुतार यांची नात. स्पेलिंग मी सांगतो त्यांना."