कुंकू कपाळाला

जमलेल्या मायबहिणींनो, बचत गटाच्या लेकींनो, गावकरी मंडळी,

शब्दांवर जन्मभर प्रेम केलं. शाळेत पाठ केलेल्या कविता अजून पहाटे ओठांवर येतात. आज मात्र इथे उभा राहिलो आणि त्यातली एकही ओळ पुरेना. पार्वताबाईंच्या फोटोसमोर काय बोलावं?

मला देवळालीचा आठवडे बाजार दिसतो. बाई पाटीत उन्हात वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्या घेऊन बसलेल्या. येणारा एक तोंडात टाकी, मान डोलावी, मग घेई. ओळख होती. बोलणं होतं. पुढे गटाचा माल नगरच्या एका मोठ्या दुकानात जायचं ठरलं, आणि दुकानानं सांगितलं, पाकिटावर बारकोड हवा. मला वाईट वाटलं. चव नाही, बोलणं नाही, नुसत्या रेघा दाखवून खारोडी विकायची? मी म्हणालो, बाई, हा तर पुस्तकातल्या चित्रातला ऊस, दिसतो पण चाखता येत नाही.

त्या हसल्या. "ऊस न्हाई आण्णा, आपलं नाव हाय ते. मशिनीला वाचता येतं, तुमाला येत न्हाई."

खरंच वाचायचं ते मशीन. तिकडे पाकीट विकलं की इकडे त्यांच्या सुनेच्या, संगीताच्या मोबाईलवर दिसे. माल संपत आला हे कळायला बाजाराच्या दिवसाची वाट बघावी लागेना. टेम्पो निघे. उन्हाळ्यापुरतं असलेलं काम तुमच्या घरी वर्षभर आलं.

आणि तो दसरा. आठवतो ना? पूजेशिवाय माल उंबऱ्याबाहेर काढायचा नाही, ही बाईंची रीत. तुम्ही सगळ्यांनी ओल्या बोटांनी पाकिटांना कुंकू लावलं. कुठे लावलं? बरोब्बर बारकोडवर. मान त्याचाच मोठा! शाई पसरली. नगरच्या मशीनला एकही पाकीट वाचता येईना. टेम्पो गेला तसा परत आला. निरोपही आला, पुन्हा असं झालं तर तुमची जागा दुसऱ्याला देऊ.

कोणी म्हणालं, कुंकू बंद करा. कोणी म्हणालं, ते दुकानच सोडा.  बाई एक पाकीट मांडीवर घेऊन लेकराचं तोंड बघावं तशा बघत बसल्या. मग सावकाश म्हणाल्या, "देवाला कुंकू डोळ्यात घालतो का आपन? कपाळाला लावतो. ह्या रेघा म्हंजी ह्येचं डोळं. त्ये सोडा, वर लावा."

नवी लेबलं लागली. वर कुंकू लागलं. मशीननं सगळी पाकिटं वाचली. आणि गंमत बघा, गिऱ्हाईक दुकानात विचारू लागलं, ते कुंकवाचं पाकीट आहे का? मला वाटलं होतं ओळख गेली. बाईंनी ती रेघांच्या वर, बोटभर जागेत जपून ठेवली होती.

सुतकामुळे माल घरात थांबलाय. सुतक फिटलं की टेम्पो भरेल. संगीता, पहिलं पाकीट आता तुझ्या हातात येईल. भिऊ नको, बाळ.  कुंकू कपाळाला लाव, डोळे मोकळे ठेव.

आपण सगळे मात्र आता आपले डोळे मिटू या. पार्वताबाईंसाठी, थोडा वेळ, काही न बोलता.