बारा दिवस न बोलल्याबाबत

मला कोणी पढवून आणलेलं नाही, आधी तेवढं लिहा. तक्रार करणाऱ्या कौसल्याबाईंच्या टॅक्सीतून आले म्हणून मी त्यांची साक्षीदार होत नाही. टॅक्सी त्यांची, तोंड माझं. आणि चहा नको, पाणी नको, पंखा आहे तो पुरे.

नाव : गंगुबाई सोनू घाडीगावकर. वय : आधार कार्डावर अडुसष्ट आहे तेच धरा, खरं कोणी लिहून ठेवलेलं नाही. शिक्षण : चौथी, सही येते. धंदा : बाळ-बाळंतिणीला तेल लावणे आणि न्हाऊ घालणे. राहणार : रूम नंबर ३४, दुसरा माळा, सोनावळे चाळ, डिलाईल रोड, मुंबई. मोबाईल नंबर मोबाईलच्या मागे चिकटवलाय, बघून घ्या.

आज शनिवार, दिनांक १५ फेब्रुवारी, पोलीस ठाण्यात समोर बसवून विचारलं म्हणून सांगते की, वरच्या पत्त्यावर मी लग्न होऊन आले तेव्हापासून राहते. बाळं न्हाणायचं काम एकेचाळीस वर्षं करते. सासूच्या हाताखाली शिकले. आजवर किती न्हाणली ते मोजलं नाही. मोजायची नसतात.

अक्षता राजरत्न कासारे, वय २९, हिला मी ओळखते. ओळखते म्हणजे, जन्मल्यावर तीन महिने ती माझ्याच पायांवर होती. तिची आई रूम नंबर ३६ मध्ये राहायची. आता ती नाही. अक्षता मला गंगुमावशी म्हणते. तिचा नवरा राजरत्न बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. दोघं चिंचपोकळीला नव्या बिल्डिंगीत सतराव्या माळ्यावर राहतात. सासू कौसल्याबाई शिवडीला, धाकट्या मुलाकडे. तक्रार त्यांची आहे.

अक्षता शिजवलेलं खात नाही. दूध, तूप, अंडं, मासळी, काही नाही. दोन वर्षं होत आली. भिजवलेले मूग, खजूर, काकडी, केळी, ओला नारळ आणि पालकाचा हिरवा रस. घरात गॅस आहे तो राजरत्नच्या चहापुरता. हे तिला मोबाईलवरच्या कुठल्या बाईने शिकवलं. त्या बाईला मी मोबाईलमध्येच पाहिलं. सारखी हसत असते.

जबाब लिहून घेणाऱ्या मॅडम विचारतात, तुम्ही समजावलं नाहीत का. समजावणं मला येत नाही, बोलणं येतं. बाळंतपणानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "अगो, तू बाळंतीण आहेस की शेळी?"

ती म्हणाली, "मावशी, शेळी दूध देते की नाही?"

"देते. पण तिला कोणी सतराव्या माळ्यावर बांधत नाही."

हसली आणि काकडी खात बसली. बाराव्या दिवशी मी हळिवाचे लाडू करून नेले. तुपातले म्हणून तिने हात लावला नाही. राजरत्नने खाल्ले, सगळे. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून तिने त्यात दोन काकड्या घातल्या. मग मी दर आठवड्याला काही ना काही न्यायचे आणि दर आठवड्याला काकड्या घेऊन घरी यायचे. पाच महिने हेच चाललं.

आता ती हट्टी आहे असं लिहू नका. याच्या आधी तिला दोनदा दिवस राहिले होते. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा ती सगळं खात होती, सासूने आणलेलं पायाचं सूपसुद्धा. मग हे कच्चं सुरू केलं आणि ही पोर राहिली. तिने त्याचा संबंध याच्याशी लावला. मी तिच्या जागी असते तर मीही लावला असता. दोनदाचं कोणाला सांगू नका म्हणाली होती. कौसल्याबाईंना एकदाचंच ठाऊक आहे. त्या बाहेर बाकावर बसल्यात, हे वाचाल तेव्हा हळू वाचा.

मुलगी ६ सप्टेंबरला झाली. पावणेतीन किलो. नाव आकांक्षा. तिसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी दहाला जाते. रविवारीसुद्धा. बाळाला रविवार नसतो. पाटावर बसून पाय लांब करायचे आणि बाळ पायांवर घ्यायचं, आधी पालथं, मग उताणं. पायांवर घेतलं की मला वजनकाटा लागत नाही. साडेतीन महिन्यांची होईपर्यंत पोर चांगली होती. इंजेक्शनांना नेली तेव्हा तिथल्या बाईने वजन केलं, बरोबर आहे म्हणाली. पुढचं इंजेक्शन एकदम नवव्या महिन्यात. मधे कोण बघणार? मधे मीच होते.

गुरुवारी, ३० जानेवारीला, मी पोर पायांवर पालथी घातली तर तिने मान उचलली नाही. त्याआधी दोन महिने उचलत होती, नळ सोडला की तिकडे बघत होती. आणि पायांना हलकी लागली. बोटांची पेरं काळपट दिसली. मला वाटलं तेलाने झाली असतील. डाळीच्या पिठाने चोळली. गेली नाहीत.

हे मी कोणाला बोलले नाही.

का नाही, ते लिहा. आमच्या कामात एक रीत आहे. न्हाणणारीने बाळाच्या वजनाचं तोंडातून काढायचं नाही. भरलं असं म्हणायचं नाही, आणि उतरलं असं तर नाहीच नाही. बोललं की लागतं. सासूने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, तेल कसं लावायचं ते दुसऱ्या दिवशी. राजरत्न मला सुरुवातीलाच म्हणाला होता, "मावशी, ते काजळ-तीट नको हां. नजरबिजर आमच्यात मानत नाहीत." मी म्हटलं, बरं बाबा, पोर तुझी. तीट लावायची सोडली. तोंड बंद ठेवायचं सोडलं नाही. त्याचं पूर्ण ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

३० जानेवारी ते १० फेब्रुवारी, बारा दिवस, मी रोज गेले. रोज तेल लावलं, नेहमीपेक्षा जास्त. रोज मला कळत होतं. एक दिवस पोरीचा एक लंगोट घरी नेला, त्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. ठसका लागला नाही. मिरच्या जळून ठसका लागला नाही म्हणजे नजर पक्की, असं आमच्यात धरतात. खिडकी उघडी होती, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

मंगळवारी, ११ फेब्रुवारीला, सव्वादहाच्या सुमाराला पोर पायांवर घेतली. कानाशी तांब्या वाजवला. बघितलं नाही. हसणं चार दिवस नव्हतंच. अक्षता हिरव्या रसाचा पेला घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती. मी म्हटलं, "अक्षता, पोरीचं वजन उतरलंय."

म्हणाली, "आज?"

"नाही. बारा दिवस झाले."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

 मॅडम, तुम्हीही तेच विचारलंत, तुम्हाला रीत सांगितली; तिला कोणत्या तोंडाने सांगू? 

मी म्हटलं, चल, डॉक्टरकडे. ती म्हणाली, "डॉक्टर मला दूध-अंडी खायला लावतील, मावशी. आणि मग काही झालं तर?"  आधीची दोन तिच्या डोळ्यांपुढे होती, मला कळलं. मी म्हटलं, "तुला काय लावतील ते मागून बघू. आत्ता तुझ्या खाण्याचा नाही, हिचा विषय आहे." टॉवेल बेडरूमच्या कपाटात दुसऱ्या खणात असतो. मी उठून काढला, पोर गुंडाळली आणि लिफ्टकडे निघाले. तिला विचारलं नाही. ती मागून आली, अंगात गाऊन, पायात काही नाही. मी पोर पळवली असं वॉचमन सांगत असेल तर तो झोपला होता. टॅक्सी मिळाली.  वाटेत ती पोरीला पाजायला बघत होती. पोर तोंड लावायची आणि सोडायची. अकराच्या आत आम्ही परळच्या मोठ्या इस्पितळात होतो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं ते असं : बी-बारा म्हणून एक असतं, ते झाडपाल्यातून मिळत नाही. आईच्या अंगात नाही म्हणून दुधात नाही, दुधात नाही म्हणून पोरीत नाही. दूध तोडायचं नाही, पाजत राहायचं, पण दोघींना इंजेक्शनं घ्यावी लागतील. अक्षताने विचारलं, "माझ्यामुळे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आलात ना." मी विचारलं, माझ्या मालिशीने मान गेली का? नाही म्हणाल्या. मग विचारलं, बारा दिवस आधी आणली असती तर? म्हणाल्या, "आजी, लवकर आणलेलं केव्हाही चांगलं." चांगली बाई आहे. खोटं बोलली नाही, आणि खरंही बोलली नाही.

कौसल्याबाई पहिल्या दिवशी चार वाजता आल्या. त्या वाईट नाहीत. कोणी मागितलं नव्हतं तरी रक्त द्यायला बाही वर करून उभ्या होत्या. आधी माझ्यावर ओरडल्या की, हिच्या रगडण्याने मान मोडली. रिपोर्ट आल्यावर सुनेवर ओरडल्या. काल त्यांनी तक्रार दिली की सुनेने मुद्दाम लेकराला उपाशी ठेवलं, तिच्यावर गुन्हा नोंदवा आणि पोर आमच्या ताब्यात द्या. राजरत्न काय म्हणतो ते राजरत्नला विचारा. तो इस्पितळाच्या जिन्यात बसून असतो.

आज टॅक्सीत कौसल्याबाई मला म्हणाल्या, "गंगुबाई, तुम्ही रोज त्या घरात होतात, तुमचं पोलीस ऐकतील. गरोदरपणात डॉक्टरने दिलेल्या गोळ्या मला कपाटातल्या दुसऱ्या खणात सापडल्या. पाकिटंच्या पाकिटं. एक फोडलेलं नाही. तुम्हीही बघितलीत, एवढं सांगा. बाकी मी बघते."

मी म्हटलं, "बघा."

"म्हणजे सांगणार ना?"

"तोंड उघडीन तेव्हा कळेल."

आता मॅडमनी नेमकं विचारलं, आईने बाळाला उपाशी ठेवलं का. नाही. पाच महिन्यांत पोर रडली आणि तिने पाजलं नाही, असं एकदाही झालं नाही. जेवायला बसलेली उठून पाजायची. तिच्या अंगातच जे नव्हतं ते ती कुठून देणार? पोर खंगतेय हे तिला ठाऊक नव्हतं. तिची पहिलीच आहे, ती कशाशी ताडून बघणार? मला ठाऊक होतं. माझी पहिली नाही. तेव्हा गुन्हा कोणावर नोंदवायचा ते ठरवताना हे बघा. पोर आईकडून काढलीत तर तिला पाजायला कौसल्याबाई येणार का?

काल, शुक्रवारी, मी इस्पितळात डबा घेऊन गेले. उकड्या तांदळाची पेज, वर नुसतं मीठ. तूप घातलं नाही. गरम होती. अक्षताने झाकण काढलं, वाफेकडे बघत बसली.  चार चमचे खाल्ले. पाचवा भरला आणि ठेवला. मग नळावर जाऊन डबा धुतला आणि परत दिला. रिकामा. पुढे ती काय खाईल, काय नाही, ते तिचं ती बघेल. इंजेक्शन घेते, पोरीला घेऊ देते. कालच पोर माझ्या बांगडीकडे बघत होती. बांगडी हलवली तशी नजर हलली. मान अजून धरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात धरेल, वेळ लागेल.

मॅडम म्हणतात, नजरेचं आणि मिरच्यांचं जबाबात नको, तुमच्यावरच उलटेल. उलटू दे. बारा दिवस खोडायचे नाहीत. खोडले तर सही करणार नाही.

वरचं सगळं मॅडमनी मला वाचून दाखवलं, कौसल्याबाईंना ऐकू जाणार नाही इतपत. दोन ठिकाणी मी दुरुस्ती करायला लावली. एक, मला अशिक्षित लिहिलं होतं, तिथे चौथी घातलं. दुसरं, अक्षताच्या नावापुढे "निष्काळजीपणे" असा शब्द होता, तो खोडला आणि बाजूला मी सही केली. तोच शब्द माझ्या नावापुढे घाला म्हटलं, तर मॅडम नाही म्हणाल्या. बाकी मी बोलले तसं आहे, बरोबर आहे.

दुसऱ्या खणाचं परत विचारलंत. खण मी रोज उघडायचे. टॉवेल काढायला उघडायचे, टॉवेल काढायचे, बंद करायचे. त्या खणात आणखी काय होतं ते मी सांगणार नाही. आज नाही आणि कोर्टातही नाही.