सखूबाई मढवी बोटीने गेल्या त्याबाबत

दिनांक १६ मार्च २०२५

जबाब देणारीचे नाव : श्रीमती सखूबाई धर्मराज मढवी, वय ६० वर्षे, धंदा : घरकाम व खोल्या भाड्याने देणे, राहणार : बोनकोडे गाव, कोपरखैरणे, नवी मुंबई.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून अंमलदार साहेबांनी विचारले तसे सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा कुंदन व सून जागृती यांच्यासह राहते. इमारत माझे पती धर्मराज यांनी बांधली, ती माझ्या नावावर आहे. पती चार वर्षांपूर्वी वारले. तळमजल्याच्या खोलीत बाळाबाई ज्ञानू शेडगे व तिचा मुलगा शिवतेज हे भाड्याने राहतात. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील. बाळाबाईचे पतीही हयात नाहीत. शिवतेज तुर्भे मार्केटात माथाडी कामगार आहे. माझ्या मुलाने तक्रारीत बाळाबाईला 'भाडेकरू बाई' म्हटले आहे. ती माझी मैत्रीण आहे.

माझा जन्म धुळवडीचा. लग्न झाल्यापासून दर धुळवडीला घरात पाहुणे असतात, वडे-मटणाचा घाट असतो. त्यामुळे माझा वाढदिवस कधी झालेला नाही. यंदा साठ पूर्ण होणार म्हणून मुंबईहून कोचीला जाणाऱ्या मोठ्या बोटीच्या सहलीला जायचे मी ठरवले. बाळाबाई आधी नको म्हणत होती. तिला मी तयार केले, तिने मला नाही. तिकिटे शिवतेजने मोबाइलवर काढून दिली, पैसे मी दिले.

कुंदनला मी हे आधीच सांगितले होते. तो म्हणाला की शिमग्याला घरची बाई घरात पाहिजे, आणि तुला पाण्याची भीती वाटेल. माझे वडील खाडीत होडी घालायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जाळे ओढले आहे. लग्नानंतरही चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला खाडीवर जात असे. इमारत उभी राहिल्यावर लोक हसतात म्हणून कुंदनने ते बंद करायला लावले. पाण्याची भीती मला कधीच नव्हती.

दि. १२ रोजी सकाळी मी बॅग घेऊन निघाले. कुंदन हॉलमध्ये फोनवर बोलत होता. मी "येते रे" म्हटले. त्याने वर पाहिले नाही. बॅग कोणी भरून दिली, असे मला विचारण्यात आले. ते मला आठवत नाही. सून जागृती हिचा यात संबंध नाही. तिला बोलावू नये.

समुद्रात फोनला रेंज नव्हती. दि. १४ रोजी, धुळवडीला, बोट कोचीला लागली. बोटीवरच्या लोकांबरोबर आम्ही दोघी शहर बघायला गेलो. जुने चर्च पाहिले, मसाल्याची दुकाने असलेली गल्ली पाहिली. नंतर किनाऱ्यावर गेलो. तिथे लाकडी वाशांवर बांधलेली मोठी जाळी आहेत, ती माणसे दोर ओढून पाण्यातून वर काढतात. मी बघत उभी होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने हाताने खूण करून मला बोलावले. त्याची भाषा मला येत नव्हती. मी पदर खोचला आणि दोर धरला. बाळाबाई म्हणाली, "ओढा की ताई, हितं कोन बघाय न्हाई." जाळे वर आले. थोडी बोयटे मासळी होती आणि एक चिंबोरी. चिंबोरी मी धरून दाखवली. तेव्हा तो कोळी हसला.

बाळाबाईने बेकरीतून लहान केक आणला होता. वाऱ्याने मेणबत्ती टिकेना, ती तशीच बाजूला ठेवली. सहलीतल्या एका बाईंकडे गुलाल होता. त्यांनी सगळ्यांना लावला व माझ्यापाशी थांबल्या. मी कपाळ पुढे केले. मग मी बाळाबाईला लावला. बाईंनी आमचा फोटो काढून माझ्या फोनवर पाठवला. तो मी घरच्या ग्रुपवर टाकला. चुकून नाही, मुद्दाम टाकला.

त्यानंतर कुंदनचा फोन आला. पाहुण्यांनी आई कुठे म्हणून विचारले, त्याला खरे सांगायची लाज वाटली, म्हणून त्याने आई सापडत नाही असे सांगितले. मग पोलिसांत कळव म्हणून नातेवाईक ऐकेनात, तेव्हा त्याने तक्रार दिली. बाळाबाईने फूस लावली असे त्यात लिहिले. शिवतेजला चौकशीला बोलावले आहे व त्यांच्या खोलीला त्याने स्वतःचे कुलूप लावले आहे, हेही त्यानेच सांगितले. पुढे म्हणाला, "तू फक्त एवढंच बोल, का बाळाबाईनं फसवून नेली. मंग सगलं मिटल. विमानाचं तिकीट काढतो, आजच ये."

मी त्याला म्हणाले, "मना कोनी फसवली नाय. मी बोटीनं आलंय, बोटीनंच येनार हाय."

तो म्हणाला की, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी फोन ठेवला. बाळाबाई मुलाच्या काळजीने रडत होती, परत जाऊ म्हणत होती. मी तिथूनच पोलीस ठाण्यात फोन लावून घेतला व शिवतेजला सोडा, आल्यावर मी स्वतः येऊन सांगते असे कळवले. त्याला सोडल्याचे समजल्यावरच आम्ही केक खाल्ला.

आज बोट मुंबईला लागताच मी घरी न जाता इकडे आले. बाळाबाई बाहेर बाकावर बसली आहे. मला कोणीही फूस लावलेली नाही. तिच्याविरुद्धची तक्रार खोटी आहे. माझ्या इमारतीतल्या खोलीला लावलेले कुलूप मी इथून गेल्यावर फोडणार आहे. त्याची खबर आताच देऊन ठेवते, म्हणजे पुन्हा कोणाला यावे लागणार नाही. कुंदन माझा मुलगा आहे. त्याच्यावर कारवाई नको. त्याने बाळाबाईच्या दारात येऊन स्वतःच्या तोंडाने चूक कबूल करावी. तोपर्यंत मी तिच्याच खोलीत राहणार आहे.

लिहिलेले मला मराठीत वाचून दाखवले. शेवटी 'सदर महिला मिळून आली' असे होते. ते मला मान्य नाही. मी हरवले नव्हते. ते शब्द खोडून 'महिला सहलीला गेली होती व परत आली' असे लिहून घेतले. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. अंगठ्यासाठी शाई पुढे केली होती. ती नको. मी सही करते.

सखू धर्मराज मढवी