सुगंधाचे गमबूट

कंदील जरा बारीक कर रे, काच काळी पडतेय. आणि नंद्या, तू पायातले ते बूट काढ आणि इथं पडवीत टेक. पूल बंद झाला म्हणून रात्रपाळी बुडत असेल तर बुडू दे. म्हणे उतारावरनं जातो, अर्ध्या तासात पलीकडे! कुणी सांगितलं रे तुला उताराचं? बस म्हटलं ना. गोष्ट सांगतो ती ऐक, मग जायचं तर जा. मी काय तुझ्या पायात दोरी बांधणार नाय.

तर ऐका. हा नवा पूल व्हायच्या आधी जुना पूल होता, त्या वेळची गोष्ट. आणि त्या जुन्या पुलाच्याही आधी काय होतं? उतार होता. उतार म्हणजे खाडीतनं चालत जायची वाट. आपल्या पणज्यांनी चिखलात दगड बसवून केलेली. ओहोटीला गुडघाभर पाणी, सरळ चालत पलीकडे. भरतीला मात्र दोन पुरुष खोल पाणी. आणि उताराचा एक नियम होता. पायात काही घालायचं नाय. पाटील असो, भटजी असो, वहाणा हातात. का, ते कुणी विचारलं नाय, कुणी सांगितलं नाय. मग पूल आला, आणि लोक दहा वर्षांत सगळं विसरले. भरती कधी, ओहोटी कधी, कुणाला पत्ता नाय. भरतीला माणसं पलीकडे नेणाऱ्या तरवाल्याच्या होडीच्या फळ्या काढून त्याच्या पोरांनी कोंबड्यांचं खुराडं केलं. घ्या, आता कोंबड्यांना म्हणावं, जा पलीकडे.

तेव्हा खालच्या वाडीत सुगंधा भाटकर म्हणून बाई होती. नवरा ट्रॉलरवर, महिना महिना समुद्रात. घरात सासू, काशीआये, आणि चार वर्षांची पोर, नीता. सुगंधा पलीकडच्या कोळंबीच्या कारखान्यात जायची, रात्रपाळीला. संध्याकाळची एसटी पकडायची, पुलावरनं पलीकडे, सकाळी परत. कोळंबी सोलायची, बर्फात हात घालून. बोटं बघवायची नाय बाईची. पण दोन वर्षं केलं तिनं, कारण त्या सोमवारी तिला कायम करणार होते. फक्त मुकादमानं बजावलं होतं, "या आठवड्यात एक खाडा झाला, तर कायमचं विसरायचं."

आणि नेमका त्याच आठवड्यात, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, पुलाचा मधला खांब खचला. ना वादळ, ना पूर. आपला उभ्या उभ्या खचला. साहेब आले, वाकून बघितलं, दोन्ही टोकांना डांबराची पिंपं लावली नि लाल कापड बांधून गेले निघून. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. वाडीतली शालन सकाळच्या पाळीला गेली होती, ती तिकडेच अडकली. हे शालनचं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

सुगंधा स्टॉपवर गेली. एसटी नाय. तासभर उभी राहिली तेव्हा कुणीतरी पुलाचं सांगितलं. आता? घाटातनं वळसा घ्यायचा तर अर्धा दिवस. दिवस तर बुडत आलेला. तशी ती घरी आली, कारखान्याचे गमबूट घातले, डबा घेतला, आणि म्हणाली, "आये, उतारावरनं जाते."

काशीआये चुलीपुढनं उठली. "जाते म्हणू नको, येते म्हण. आणि जायचंच असेल तर ते बूट काढून हातात घे."

"उताराला कालवं आहेत आये. पाय कापला तर मुकादम आत घेईल का? क्लोरीनच्या पाण्यात रात्रभर उभं राहायचं असतं."

बरोबरच बोलत होती हो ती. त्या दगडांवर वर्षानुवर्षं कालवं धरलेली, एकेक शिंपली सुरीसारखी. पण म्हातारी म्हणाली, "सुगंधा, तिथं गिऱ्हा आहे. डोळ्यांना कायपण दाखवतो मेला. पायांना फसवता येत नाय त्याला."

आता गिऱ्हा म्हणजे काय ते ह्या शहरातल्या पाहुण्यांना सांगायला हवं. बुडून मेलेल्याचं भूत, पाण्यातलं. बाकीची भुतं अंगावर येतात, झाडावर बसतात, काय काय तमाशे करतात. गिऱ्हा तसं काही करत नाय. तो पाणी लपवतो. बस. जिथं दोन पुरुष पाणी आहे तिथं तुम्हाला कोरडी वाळू दिसते. तुम्ही आपल्या पायांनी चालत जाता.

सुगंधा हसली नाय, पण बूटही काढले नाय तिनं. नीताच्या गालाला हात लावला नि निघाली.

उतारावर पोचली तेव्हा अंधार पडलेला. पाणी बघितलं तर ओहोटी. पार तळापर्यंत उतरलेलं, चांदण्यात वाळू पांढरी दिसतेय, आणि दगडांची रांग सरळ पलीकडे. पलीकडे कारखान्याचा दिवा. तिला वाटलं, उगीच घाबरवतात म्हातारी माणसं. पदर खोचला नि उतरली.

थोडी पुढे गेली तर पुढे कोणीतरी चाललंय. बाई. डोक्याला कारखान्याची पांढरी टोपी, हातात डबा. सुगंधाला बरं वाटलं. सोबत मिळाली की जिवात जीव येतो माणसाच्या.

"कोण गो?" तिनं हाक मारली.

"मी शालन," ती बाई म्हणाली. मागं वळली नाय. "चल लवकर. भोंगा होईल आता."

सुगंधा तिच्या मागं. दोघी चालतायत. पुढे शालन, मागं सुगंधा. सुगंधाच्या बुटांचा पाण्यात चुबुक चुबुक आवाज. शालनच्या पायांचा आवाज नाय. थोडं चालल्या, आणि सुगंधाच्या मनात आलं, शालन तर सकाळच्या पाळीला आहे. ती तर दुपारपासनं पलीकडे अडकलीय. मग ही अलीकडनं कशी निघाली?

थांबली. पुढची बाईपण थांबली.

"का गो थांबलीस?" तिकडनं आवाज आला. आवाज शालनचाच हां. पण तोंडात पाणी धरून बोलावं तसा.

सुगंधानं मागं वळून बघितलं. मागं काठ नाय. घरं नाय, दिवे नाय, माड नाय. सगळीकडे नुसती पांढरी वाळू, दिसेल तिथवर. पुढे बघितलं तर शालनपण नाय. कारखान्याचा दिवा? तोही गेला. आता सांगा, जाणार कुठं बाई?

आणि तेवढ्यात, ऐका हां, तेवढ्यात लख्ख उजेड झाला. डोक्यावर पूल. दिवे लागलेले. पिंपं नाय, लाल कापड नाय. तिची रोजची एसटी उभी, इंजिन चालू, आणि कंडक्टर दारात लटकून ओरडतोय, "चला, चला, कारखाना! पूल चालू झाला, चला!"

सुगंधाला रडूच फुटलं. पूल चालू झाला. आता भोंग्याच्या आत पोचू. सोमवारी कायम होऊ. पुलाचा चढ चढायला लागली. पायाखाली डांबर दिसतंय. हाताला लोखंडी कठडा लागतोय, गार. गाडीत सगळ्या कारखान्यातल्या बाया बसलेल्या, पांढऱ्या टोप्या घालून, आणि खिडकीजवळची तिची जागा तिच्यासाठी ठेवलेली. एकही बाई तिच्याकडे वळून बघत नाय. पण सुगंधाचं लक्ष कुठं होतं? तिला ती जागा दिसत होती. माणसाला जे हवं असतं ना, तेच दाखवतो तो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे काय उगीच म्हणतात?

दाराशी पोचली. पायरीवर पाय टाकायला उचलला, आणि पाय उचलेना. बूट जड झालेला. शिशाचा केल्यासारखा. दुसरा उचलून बघितला, तोही तसाच. आत काय आहे म्हणून बोटं हलवली, तर बूट काठोकाठ पाण्यानं भरलेला.

पुलावर? डांबरावर उभी आहे मी, आणि बुटात पाणी आलं कुठनं?

तेव्हा तिला काशीआयेचं बोलणं आठवलं. पायांना फसवता येत नाय त्याला. आणि पाय तर रबरात बांधून आणले होते तिनं.

"चल गो, गाडी सुटते," कंडक्टर म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, हळूच बोलत होता, कानाशी.

सुगंधानं डोळे घट्ट मिटले. डबा सोडला, एक पाय ओढून काढला बुटातनं, मग दुसरा. आणि उघडा तळवा खाली टेकला. डांबर कुठलं? लोण्यासारखा मऊ चिखल, आणि पुढे उतरत गेलेला. पाणी कुठंवर होतं माहितेय? छातीवर. इतका वेळ ते दिसतही नव्हतं, आणि गार लागत होतं तो तिला कठडा वाटत होता. अजून एक पाऊल, नि संपलं असतं.

डोळे नाय उघडले तिनं. तशीच घराकडे मागं फिरली. डावीकडे पाय घातला, मऊ. पोटरीपर्यंत आत गेला, कसाबसा ओढला. उजवीकडे घातला, आणि कचकन कापला. कालव! तळव्यातनं कळ थेट डोक्यात गेली. आणि त्याच कळेबरोबर तिला कळलं, कालव चिखलात धरत नाय. कालव दगडावर धरतं. जिथं कापतंय तिथं पणज्यांचा दगड आहे. कापेल तिथं वाट, मऊ लागेल तिथं मरण. म्हणून अनवाणी जायचे रे सगळे. देवासाठी नाय, वाटेसाठी.

मग काय, कापत कापत निघाली. एक दगड, पाय कापला. पुढचा दगड, पुन्हा कापला. मऊ लागलं की मागं. आणि तो काय सोडतोय? मागनं शालन हाका मारतेय. कंडक्टर घंटी मारतोय. मुकादम म्हणतोय, "सुगंधाबाई, या सही करा, कायम झालात." नाय उघडले डोळे. मग नवऱ्याचा आवाज आला, "सुगंधा, मी आलो ट्रॉलरवरनं, बघ तरी." नाय उघडले. मग सगळं शांत झालं. आणि अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, नीता रडायला लागली. "आई, मी पडले पाण्यात. आई, मला घे."

तुमच्यापैकी ज्यांना पोरं आहेत त्यांनी सांगा. तुम्ही उघडले नसते डोळे?

सुगंधा तिथंच उभी राहिली. हात पुढे गेलेच होते तिचे. पण आवाज डावीकडनं येत होता. तिनं डावा पाय हळूच घालून बघितला. मऊ. तिनं ओठ दाताखाली धरला, आणि पोरीच्या रडण्याकडे पाठ करून उजवीकडे पाय टाकला. कापला. आई असून पाठ फिरवली तिनं. ती पुढे म्हणायची, त्या एका पावलाला जेवढं लागलं तेवढं बाळंतपणालाही लागलं नव्हतं.

पाणी कमरेला आलं. मग गुडघ्याला. मग घोट्याला. आणि समोरनं आवाज आला, "सुगंधा, ये गो, पोचलीस. उघड डोळे." काशीआयेचा आवाज.

आता खरी पंचाईत. ही काशीआये खरी की त्याची? मिटल्या डोळ्यांना कंदिलाचा उजेड जाणवतोय. पण उजेड तर पुलावरही होता.

सुगंधा खाली वाकली, सणावाराला सासूच्या पाया पडतात तशी, आणि दोन्ही हातांनी चाचपलं. आधी तिला बोटं लागली. मग हात मागं नेला. टाचा. टाचा मागंच होत्या, आणि त्यांना भेगा, करंगळी जाईल एवढ्या. भुताचे पाय उलटे असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि अशा भेगा तर जगात एकाच बाईच्या.

तेव्हा तिनं डोळे उघडले. म्हातारी अनवाणी पाण्यात उभी होती, एका हातात कंदील, नीताला काखेत घेऊन. पोर झोपलेली, गाढ. सुगंधानं मागं बघितलं. खाडी या काठापासनं त्या काठापर्यंत भरलेली. ओहोटी कसली, भरती लागून किती तरी वेळ झाला होता.

सकाळी ओहोटीला वाडीतली माणसं बघायला गेली. उताराच्या दगडांवर सुगंधाच्या रक्ताचे डाग होते, भरतीनंही न धुतलेले, काठाकडे येणारे. आणि जिथं तिनं बूट सोडले, तिथं बूट नव्हते. तिथनं पुढे चिखलात गमबुटांचे ठसे होते. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. सावकाश चालत गेल्यासारखे, थेट खोल पाण्यात.

कारखान्यात ती काही कायम झाली नाय. मुकादमानं खाडा लावला तो लावलाच. दोन महिने तिला पाय टेकवत नव्हते, म्हातारीनं हळद-तेल लावून बरे केले. पुढे नीताचं लग्न तिनंच करून दिलं, नातू मांडीवर खेळवला. कायम नाय झाली, पण राहिली. मला विचाराल तर सौदा वाईट नाय.

आणि आता शेवटचं ऐका. पूल बंद झाला की लोकांना उतार आठवतो, आणि लोकांना आठवला की त्या गिऱ्ह्यालाही लोक आठवतात. आज दुपारी पुलावर पिंपं लागली ना? मघाशी मी खाली गुरं आणायला गेलो होतो. ओहोटी होती. चिखलात गमबुटांचे ठसे बघितले मी. ताजे. पण या वेळेला ते पाण्याकडे जात नव्हते. पाण्यातनं वर येत होते, वाडीकडे.

म्हणून सांगतो, लांबच्या वाटेनं जावं, पगार कापला तर कापू द्यावा, पण त्या वाटेला पाय लावू नये. नंद्या, तू बूट काढून पायरीवर ठेवलेस ना? मग हा एक जोड तुझा. त्याच्या शेजारचा तो ओला कुणाचा रे?