तीन लाल दाणे

फान — ...एकही दाणा हललेला नाही! आई, बघ तरी. तुंबा जसाच्या तसा उपडा होता, मी स्वतः उचलला. जमीन हो म्हणाली, असं खाली सांगून येऊ?

खाम-ओन — थांब.

फान — थांब काय? चाळीस घरांची माणसं तराफ्यांवर बसलीत, तुझ्या तोंडाकडे बघत.

खाम-ओन — बसू देत. खड्ड्यात दाणे कुणी ठेवले?

फान — तूच. काल दिवस कलताना. माणसांचे तीन, जनावरांचे दोन, घराचे दोन. मला का विचारतेस?

खाम-ओन — कुठला तांदूळ होता?

फान — आपलाच. पांढरा, चिकट.

खाम-ओन — मग हे तीन लाल का?

खड्डा — (चार पांढरे, तीन लाल.)

फान — मातीनं माखले असतील.

खाम-ओन — एक दातांखाली धरून बघ.

फान — (एक लाल दाणा दातांखाली धरतो, परत जागेवर ठेवतो.)

खाम-ओन — काय?

फान — डोंगरावरचा आहे.

खाम-ओन — माणसांचेच तीन गेले, फान. आणि कुणीतरी भरून काढले.

फान — भरले ना? झालं तर मग! आई, तुझ्या सुनेला, सेनला, नववा महिना सरत आलाय. हे तिसरं ठिकाण. पहिल्या ठिकाणी दाणे पांगले, उठलो. दुसऱ्या ठिकाणी एक फुटला, उठलो. आता काय ती तराफ्यावर बाळंत होणार? मधल्या धारेत? एवढं एकदा गप्प बस.

खाम-ओन — दाणे हलूनही माझी आई एकदा गप्प बसली होती. त्या गावात आता आपलं कोण आहे?

फान — कुणी नाही.

तेंग — तीनच होते माझ्या कमरेच्या पिशवीत. पांढरे कुठून आणू, बाई?

फान — कोण रे तू?

तेंग — तेंग. तो वर धूर दिसतो ना, ते माझं घर.

खाम-ओन — आमची बोली कुठे शिकलात?

तेंग — मीठवाल्यांकडून. मीठ थोडं देतात, बोलतात फार.

फान — म्हणजे आमच्या खड्ड्यात तू हात घातलास!

तेंग — खड्डा तुमचा, जमीन माझी. उजाडता उजाडता आलो. खरं सांगू? उधळायलाच आलो होतो. दाणे हलले की तुम्ही उठता, हे वरच्या खोऱ्यातल्या माझ्या भावानं कळवलं होतं. म्हटलं, सोपं काम. तुंबा उचलला, तर मुंग्या आधीच लागलेल्या कामाला. तिसरा दाणा नेत होत्या.

खाम-ओन — मग तसंच टाकून जायचं.

तेंग — निघालो की. अर्धा उतार चढलो. तेवढ्यात तुमच्या आधी इथे आलेले लोक आठवले. कुऱ्हाडी घेऊन आले होते. मला विचारलं नाही, जमिनीलाही नाही. तीन वर्षं राहिले, सगळं बोडकं करून गेले. आणि हे! मुंग्यांचं ऐकून चाळीस घरं हलवतात. खाली कुणीतरी येणारच आहे, बाई. मग हेच वेडे बरे.

फान — उपकार झाले!

तेंग — मुलगा तापट आहे तुमचा.

खाम-ओन — बापावर गेलाय. पण जमीन नाही म्हणाली, त्याचं काय करू?

तेंग — मुंग्या नाही म्हणाल्या. जमिनीत माझा बाप आहे. त्याचा बाप आहे. जमिनीचं मी सांगतो. थोरला मी.

फान — थोरला? कुणाचा?

तेंग — तुझा. सगळी माणसं ज्या भोपळ्यातून निघाली, त्यातून आधी आम्ही बाहेर पडलो.

फान — तापल्या सळईनं पाडलेल्या भोकातून! म्हणून तर काळे पडलात.

तेंग — आणि तुम्ही भोक थंड होईपर्यंत आत बसून राहिलात.

खाम-ओन — आता दे उत्तर, फान.

फान — तुला हवंय काय ते बोल.

तेंग — नव्या भाताचा पहिला घास. दर वर्षी. नायकाच्या आधी.

फान — नायक मी आहे! मी ह्याच्या मागून जेवू?

तेंग — आणि दादा म्हणायचं.

फान — त्यापेक्षा तराफा बरा.

खाम-ओन — जा, सेनला सांगून ये तसं.

फान — (दोन पावलं टाकतो, थांबतो.)

खाम-ओन — नाही ना जात? मग ऐक. हे दाणे मी उचलणार नाही. चार पांढरे, तीन लाल, असेच राहतील. पहिला खांब ह्यांच्यावर.

फान — आणि लोकांना काय सांगू?

खाम-ओन — झालं ते. मुंग्यांनी दाणे नेले, थोरल्यानं भरून दिले. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल पुढे जावं.

फान — सगळेच गेले तर?

खाम-ओन — तर सेन, तू आणि मी. एक घर तर होईल.

तेंग — दोन. माझं वर आहेच.

खड्डा — (सातही दाणे तसेच. ऊन वर येतं.)

फान — आई.

खाम-ओन — किती उतरले?

फान — एकतीस घरं. नऊ गेली पुढे. माझा सख्खा मामाही गेला, मागे वळून बघितलं नाही त्यानं.

खाम-ओन — सेन?

फान — सगळ्यांत आधी तीच उतरली. म्हणाली, दाणे लाल असोत नाहीतर निळे, मला पाठ टेकायला जागा द्या.

खाम-ओन — मग उभा कर खांब.

फान — एकट्याला पेलत नाही. बाकीचे सामान उतरवतायत.

खाम-ओन — माझ्याकडे काय बघतोस?

तेंग — (खांबाच्या दुसऱ्या टोकाशी येऊन उभा राहतो.)

फान — दादा, जरा तिकडून धर.